खुर्ची नेमकी कोणाच्या बाजूने हलते?

हलणाऱ्या खुर्च्या, वाऱ्याचे झोत, पाण्याचे तुषार आणि वास यांच्या साहाय्याने प्रेक्षकाच्या शरीरालाच दृश्यात ओढून घेणाऱ्या चित्रपटगृहांविषयी मागील अंकात या सदरात एक टिपण आले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच सुराची होती: हा सिनेमा आहे की आकाशपाळणा? इतक्या सरसकट प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र काही पत्रलेखकांनी नेमके विचारले आहे, त्यांना तितकेच नेमके उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. या सदराच्या रिवाजाप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: खुर्ची जेमतेम वीतभर हलते, तरीही गाडी सुसाट सुटल्याचा भास होतो. एवढ्याशा हालचालीतून एवढा वेग येतो कोठून? (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी)

उत्तर: आपल्या शरीराला वेग मुळी कळतच नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. त्याला कळतो तो वेगातील बदल. एकसारख्या गतीने चाललेल्या वाहनात डोळे मिटून बसले, तर आपण ताशी तीस किलोमीटरने जात आहोत की तीनशेने, हे केवळ शरीराच्या आधारे सांगता येणार नाही. त्यामुळे खुर्चीला वेग निर्माण करावाच लागत नाही. वेग वाढल्याची किंवा घटल्याची खूण तेवढी द्यावी लागते.

ही खूण ओळखण्याचे काम कानाच्या आतल्या भागात चालते. तेथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात. त्यांच्याशेजारी असलेल्या दोन लहान पिशव्यांमध्ये चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक बसलेले असतात. वाहन एकाएकी पुढे झेपावले की हे जड स्फटिक किंचित मागे रेंगाळतात. गंमत अशी की, डोके मागे कलले तरी गुरुत्वाकर्षणामुळे ते मागेच घसरतात. दोन्ही वेळा त्या पिशव्यांकडून मेंदूकडे जाणारा निरोप सारखाच असतो. मग खरे काय घडले, हे ठरवण्यासाठी मेंदू डोळ्यांची साक्ष काढतो, आणि डोळ्यांसमोर तर रस्ता भरधाव अंगावर येत असतो. अशा वेळी खुर्ची हलकेच मागे कलली की पाठ टेकूवर दाबली जाते आणि मेंदू निकाल देऊन मोकळा होतो: आपण पुढे झेपावलो.

यातील कौशल्य कलण्याच्या गतीत आहे. सेकंदाला दोन-तीन अंशांहून कमी गतीने खुर्ची कलली तर अर्धवर्तुळाकार नलिकांना ते वळणे बहुधा जाणवत नाही, केवळ पाठीवरचा दाब जाणवतो. त्यामुळे गाडी सुटताना खुर्ची आधी एक छोटा, स्पष्ट हिसका देते, त्यानंतर चोरपावलांनी कलते, आणि पुढच्या हिसक्यासाठी जागा हवी म्हणून तितक्याच चोरपावलांनी मूळ स्थितीला येते. उसने घेतलेले असे गुपचूप परत करण्याची ही युक्ती वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी बनवलेल्या कृत्रिम विमानकक्षांतून आली आहे. ते कक्ष सहा पायांच्या यंत्रमंचावर उभे असतात आणि सहाही प्रकारे हलू शकतात, डी. स्टुअर्ट यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या रचनेवरून त्या मंचाला त्यांचे नाव मिळाले. चित्रपटगृहातील खुर्चीचे काम सहसा तीन हालचालींवर भागते: वर-खाली होणे, पुढे-मागे कलणे आणि डावी-उजवीकडे कलणे. बाकीचे सारे पडदा करतो. आपली आगगाडी उभी असताना शेजारची सुटली, तर क्षणभर आपलीच निघाल्यासारखे वाटते. डोळ्यांच्या या सवयीचा फायदा पडदा घेत असतो.

पडदा नसेल तर काय उरते, हे मी एकदा पाहिले आहे. सकाळच्या पहिल्या खेळाआधी खुर्च्यांची तपासणी चालली होती. दिवे लागलेले, पडदा कोरा, आवाज बंद. चार-चार खुर्च्यांचे जथे रिकाम्या प्रेक्षागृहात एकदम पुढे वाकत होते, डावीकडे कलत होते, थरथरून पुन्हा सरळ होत होते, आणि इंजिनाच्या गुरगुराटाऐवजी केवळ सांध्यांचा कोरडा खटखटाट ऐकू येत होता. त्यांपैकी एका खुर्चीवर मी बसलो. गाडी नाही, विमान नाही, काही नाही. सुपात पाखडल्या जाणाऱ्या दाण्याला जे वाटत असेल तेच वाटत होते. तेवढ्यात तंत्रज्ञाने चित्र सुरू केले आणि त्याच धक्क्यांमधून डोंगराची उतरण उमटली. वळण येण्यापूर्वीच माझा हात आपोआप खुर्चीच्या कडेवर आवळला गेला होता.

प्रश्न: आम्ही तीन पिढ्या मिळून असा चित्रपट पाहिला. अर्ध्या तासात आईला मळमळू लागले, मुलगा मात्र शेवटपर्यंत खिदळत होता. दोष वयाचा की खुर्चीचा? (एक गृहिणी)

उत्तर: वयाकडे बोट दाखवण्याची घाई करू नये. वाहन लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात सर्वांत अधिक आढळतो आणि पुढे सहसा कमी होत जातो. तुमचा मुलगा खिदळला, ते त्याच्या प्रकृतीचे सुदैव आहे. अर्धशिशी असलेल्यांना हा त्रास अधिक होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो.

याचे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड यांच्या १९७५ च्या ग्रंथात सविस्तर मांडलेले आहे. डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू यांच्याकडून येणारे निरोप एकमेकांशी जुळेनासे झाले, किंवा पूर्वानुभवावरून मेंदूने बांधलेल्या अंदाजाशी विसंगत ठरले, की मळमळ सुरू होते. यात अंतर्कर्णाचा वाटा किती मोठा आहे, याची चाहूल अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांना १८८२ मध्येच लागली होती. मूकबधिर व्यक्तींना गरगर फिरवले असता त्यांपैकी अनेकांना चक्कर येत नाही, असे त्यांना आढळले. कारण अनेकदा श्रवणाबरोबर तोल सांभाळणारा अवयवही निकामी झालेला असतो.

म्हणजेच साध्या, स्थिर खुर्चीवर बसून हातात धरलेल्या कॅमेऱ्याचे हेलकावणारे चित्रण पाहिले तरी मळमळू शकते, कारण डोळे ‘हललो’ म्हणतात आणि कान ‘नाही’ म्हणतात. या हिशेबाने चित्राबरहुकूम हलणाऱ्या खुर्चीमुळे त्रास कमी व्हायला हवा, आणि हालचाल नेमकी असेल तेव्हा तो कमी होतोही. पण खुर्ची थोडी मागे पडली, किंवा चित्रात कॅमेरा स्थिर असताना उगाचच डुलत राहिली, तर दोन साक्षीदारांचे भांडण अधिकच पेटते. तेव्हा तुमच्या आईंच्या बाबतीत दोष खुर्चीला, आणि त्याहूनही ती खुर्ची हलवण्याचा आराखडा ज्याने आखला त्याला, देणे अधिक न्यायाचे ठरेल.

पुन्हा जायचे असल्यास पुढच्या रांगा टाळाव्यात. तेथे पडदा संपूर्ण दृष्टी व्यापतो आणि डोळ्यांना विसाव्याला स्थिर असे काहीच मिळत नाही. मागच्या रांगेत, मध्यभागी बसावे आणि त्रिमितीचा चश्मा लागणारा खेळ निवडू नये. मळमळ जाणवू लागताच पडद्यावरून नजर काढून भिंतीकडे किंवा बाहेर जाण्याच्या दरवाज्यावरील दिव्याकडे पाहावे. डोळे मिटले तरी एक साक्षीदार गप्प होतो. एवढ्याने भागले नाही तर उठून बाहेर जावे. तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी बसून राहण्यात अर्थ नाही.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचे किंवा पाठीच्या कण्याचे दुखणे असलेल्यांनी आणि गर्भवतींनी या खुर्च्यांवर बसू नये, अशी सूचना चित्रपटगृहे देतात, आणि ती केवळ जबाबदारी झटकण्यासाठी असते असे मानू नये. पाठीवर बसणारा ठोसा आगाऊ सूचना देऊन येत नाही, त्यामुळे दुखऱ्या पाठीला स्वतःला सावरण्याची संधीच मिळत नाही. विजांच्या दृश्यांसाठी प्रेक्षागृहातही दिवे वेगाने उघडझाप करतात. अपस्मार असलेल्या शंभर व्यक्तींपैकी सुमारे तिघांना अशा लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. त्यांनी हा प्रकार पूर्णपणे वर्ज्य करावा.

प्रश्न: चश्म्यावर पाणी उडून निम्मा चित्रपट धूसर दिसला. यावर उपाय आहे का? (एक वाचक)

उत्तर: आहे. अनेक ठिकाणी खुर्चीच्या हातावर पाणी बंद करण्याचे बटण असते आणि त्याचा परिणाम केवळ तुमच्या खुर्चीपुरता राहतो. मी स्वतः चश्मेवाला असल्यामुळे बसताच पहिले काम तेच करतो. वारा, धुके आणि वास मात्र सामाईक असतात. त्यांतून एकट्याची सुटका नाही.

प्रश्न: माझे आजोबा सांगतात की, त्यांच्या तरुणपणी भूकंपावरील एका चित्रपटात अख्खे चित्रपटगृह हादरत असे. हलणाऱ्या खुर्च्या तर आता आल्या. आजोबांची ही अतिशयोक्ती समजावी का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर: आजोबांवर विश्वास ठेवा. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी युनिव्हर्सल कंपनीने ‘सेन्सराउंड’ नावाची यंत्रणा तयार केली होती. तिच्यात खुर्च्या हलत नसत. प्रेक्षागृहात कपाटांएवढे प्रचंड ध्वनिवर्धक ठेवून त्यांतून अत्यंत खालच्या पट्टीचा, अंशतः कानाला ऐकूच न येणारा ध्वनी सोडला जाई. माणसाच्या कानाची खालची मर्यादा सेकंदाला सुमारे वीस कंपनांची असते. तिच्या आसपासचा आणि तिच्याही खालचा ध्वनी पुरेशा ताकदीने सोडला तर तो कानापेक्षा छातीला आणि पोटाला अधिक जाणवतो. या यंत्रणेला ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. हॉलिवूडमधील ग्रॉमन्स चायनीज या विख्यात चित्रपटगृहात छताच्या गिलाव्याचे तुकडे प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून जाळी बांधावी लागली होती.

ही युक्ती त्या दशकाबरोबरच मावळली, आणि तिच्या मावळण्याची कारणे तिच्या यशातच दडलेली होती. ध्वनिवर्धकांसाठी खुर्च्या काढाव्या लागत, म्हणजे तिकिटे कमी होत. शिवाय खालच्या पट्टीचा ध्वनी भिंतींना जुमानत नाही. एकाच इमारतीत अनेक पडदे असण्याचा काळ नुकताच सुरू होत होता, आणि शेजारच्या प्रेक्षागृहात एखादा हळुवार प्रसंग पाहत बसलेल्यांनाही भूकंपाचा हादरा फुकटात मिळू लागला.

शरीराला हात घालण्याची ही हौस त्याहूनही बरीच जुनी आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातील ‘मारेओरामा’मध्ये प्रेक्षक जहाजाच्या डेकसारख्या मंचावर उभे राहत. तो मंच हेलकावे खाई, दोन्ही बाजूंनी रंगवलेली किनारपट्टी सरकत जाई आणि समुद्री वनस्पतींवरून वाहत आलेली खारट हवा तोंडावर येई. त्यानंतर काही वर्षांतच कॅन्सस सिटीच्या अग्निशमन दलाचे माजी प्रमुख जॉर्ज हेल यांनी आगगाडीच्या डब्यासारखी चित्रपटगृहे उभी केली. धावत्या इंजिनाच्या पुढून घेतलेले चित्रण समोर चाले, डबा डुले, चाकांचा खडखडाट होई आणि तिकीट तपासायला गणवेशातला माणूस येई. स्वतंत्र चित्रपटगृहांचा सुळसुळाट होण्याआधी असंख्य लोकांनी पहिला चलच्चित्रपट पाहिला तो अशा डब्यात बसून. त्यामुळे हलणारी खुर्ची सिनेमात उपरी आहे, या म्हणण्याला इतिहासाचा फारसा आधार नाही.

या परंपरेतील माझा आवडता गृहस्थ म्हणजे विल्यम कॅसल. १९५९ च्या त्यांच्या ‘द टिंगलर’ या भयपटात भीतीने माणसाच्या कण्याला चिकटून वाढणारा एक जीव आहे, आणि किंकाळी फोडली तरच त्याची पकड सुटते. कॅसल यांनी चित्रपटगृहांतील काही निवडक खुर्च्यांखाली छोट्या मोटारी बसवल्या. तो जीव ‘चित्रपटगृहात सुटला’ की पडदा काळा होई, किंचाळण्याचा आदेश मिळे आणि त्या खुर्च्या थरथरू लागत. यंत्र अगदी मामुली, पण कल्पना पाहा: मोटार काही खुर्च्यांखालीच असली तरी किंकाळी सगळ्यांच्या तोंडून निघत असे, कारण शेजारचा का ओरडला हे कोणालाच ठाऊक नसे. आजच्या यंत्रणांपैकी फार थोड्या इतक्या थोडक्यात एवढे साधतात.

१९६२ मध्ये मॉर्टन हेलिग यांना ‘सेन्सोरामा’ या एकट्याने पाहायच्या यंत्राचे पेटंट मिळाले. त्यात त्रिमित चित्र, वारा, वास आणि थरथरणारे आसन एकत्र होते. भांडवल मात्र कोणी पुरवले नाही. आज ज्या ‘फोरडीएक्स’ खुर्च्या जगभर पसरल्या आहेत, त्यांची सुरुवात दक्षिण कोरियात २००९ मध्ये झाली. त्याच वर्षी कॅनडातील ‘डी-बॉक्स’ कंपनीच्या खुर्च्याही चित्रपटगृहांत आल्या. त्या फवारे-वारे यांच्या भानगडीत न पडता केवळ हालचालीवर भर देतात.

प्रश्न: इतकी प्रगती होऊनही चित्रपटातील वास नेहमी एकाच छापाचे आणि खोटे का वाटतात? (एक सुगंधप्रेमी)

उत्तर: प्रकाश आणि ध्वनी बंद करता येतात, वास बंद करता येत नाही. तो पदार्थ आहे. एकदा हवेत सोडलेले कण बाहेर घालवावे लागतात, आणि ते जाईपर्यंत पडद्यावर बागेतून स्मशानापर्यंतचा प्रवास झालेला असतो. १९५९ च्या अखेरीस ‘अरोमारामा’ या पद्धतीत वातानुकूलन यंत्रातून वास सोडण्यात आले. लगेच १९६० मध्ये ‘स्मेल-ओ-व्हिजन’ने प्रत्येक खुर्चीपर्यंत नळ्या नेल्या. तरीही सज्जातील प्रेक्षकांपर्यंत वास उशिरा पोहोचल्याच्या आणि नळ्यांच्या फुसफुसण्याने लक्ष विचलित झाल्याच्या तक्रारी आल्याच. शिवाय नाकाला एकाच वासाची सवय फार लवकर होते, आणि एक वास पूर्ण विरण्याआधी दुसरा आला तर नाकाला तिसराच काहीतरी समजतो.

म्हणून आजची चित्रपटगृहे मोजकेच, सौम्य वास वापरतात. फुलांचा एकच वास सगळ्या बागांना पुरवला जातो आणि जळक्या रबराचा एकच वास सगळ्या अपघातांना. यात लवकर सुधारणा होईल असे मला वाटत नाही.

प्रश्न: चित्रपट संकलित होऊन पूर्ण झाल्यावर कोणी तिसराच माणूस त्यावर खुर्चीचे धक्के चढवतो, हे माझ्या पचनी पडत नाही. हे ठरवतो कोण आणि कशाच्या आधारे? (एक सेवानिवृत्त चित्रपट संकलक)

उत्तर: सगळ्या पत्रांत मला सर्वांत जवळचे वाटले ते हे पत्र, आणि आपल्या तक्रारीत बरेच तथ्य आहे.

बहुतेक वेळा पूर्ण झालेला चित्रपट खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीकडे जातो. तेथील रचनाकार संगणकाच्या पडद्यावर चित्राखाली समांतर पट्ट्या उघडतात: एक वर-खाली होण्याची, एक पुढे-मागे कलण्याची, एक वाऱ्याची, एक पाठीवरील ठोशाची, आणि अशा आणखी कितीतरी. सेकंदाला चोवीस चौकटींच्या हिशेबाने ते चौकट न चौकट पाहत प्रत्येक हालचालीची वेळ, जोर आणि वळण आखतात. तयार झालेल्या आराखड्याला निर्माते, आणि कधी दिग्दर्शकही, संमती देतात. डिजिटल चित्रपटाच्या संचात ध्वनीसाठी सोळा वाहिन्यांची सोय असते. त्यांपैकी तेरावी वाहिनी प्रचलित मांडणीत ध्वनीसाठी नव्हे, तर आसनांच्या हालचालींच्या माहितीसाठी राखून ठेवलेली आहे. आपण ज्या रिळांवर आयुष्य काढले, त्यांच्या कडेला ध्वनीची पट्टी असे. तिची ही दूरची नात समजा.

खरा प्रश्न यंत्राचा नाहीच. खुर्ची हलते ती कोणाच्या शरीराच्या वतीने, हा खरा प्रश्न आहे. एखादा पाठलाग घ्या. पहिल्या दृश्यखंडात कॅमेरा गाडीच्या नाकावर आहे; खुर्ची वळणाबरोबर कलते, आणि ते बरोबरच आहे, कारण कॅमेराही कलतो आहे. दुसऱ्यात आपण रस्त्याच्या कडेला उभे आहोत आणि गाडी समोरून निघून जाते. आता खुर्चीने काय करावे? गाडीबरोबर वळावे, की जमिनीची किंचित थरथर देऊन तोंडावर वाऱ्याचा एक फटका मारावा? तिसऱ्या दृश्यखंडात चालकाचा चेहरा जवळून दिसतो. तो वळतो आहे, पण चौकट स्थिर आहे. आणि हे सारे सात-आठ सेकंदांत. प्रत्येक जोडणीवर खुर्चीने बाजू बदलली तर प्रेक्षकाची खिचडी होते. एकच बाजू धरून ठेवली तर डोळ्यांशी भांडण होते.

यावर चांगल्या रचनाकारांचा सर्वसाधारण कल असा दिसतो की, खुर्चीने कॅमेऱ्याशी इमान राखावे आणि पात्रांच्या वाटेला क्वचितच जावे. उंचावरून तरंगत जाणाऱ्या कॅमेऱ्याबरोबर खुर्ची संथपणे, जवळजवळ श्वासासारखी, वर उचलली जाते तेव्हा या तंत्रात काहीतरी खरे आहे असे मला वाटते; माझ्या मते ठोसे आणि फवारे यांच्यापेक्षा हे संथ उचलणेच त्याचे सर्वांत मोठे सामर्थ्य आहे. याउलट मारामारीच्या प्रसंगात बेइमानी सुरू होते. नायकाने ठोसा मारला की माझ्या पाठीत दणका बसतो, आणि नायकाला ठोसा बसला तरी माझ्याच पाठीत दणका बसतो. मारणारा मी आहे की मार खाणारा, याचा खुर्चीने विचारच केलेला नसतो. पडद्यावर काहीतरी आपटले, म्हणून खुर्चीनेही काहीतरी आपटले, एवढाच तिचा हिशेब.

आपण संकलक असल्यामुळे आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. चित्रातील शांततेला आपण जागा ठेवत आलात. खुर्चीच्या आराखड्यातही ती ठेवावी लागते. ज्या चित्रपटांत दर मिनिटाला काहीतरी टोचते, दणकते, फुसकते, त्यांत विसाव्या मिनिटानंतर शरीर दाद देणे बंद करते. याउलट दहा मिनिटे निश्चल राहिलेल्या खुर्चीने दूरच्या पावलांच्या वेळी नुसती एकदा सूक्ष्म थरथर दिली, तर अख्खी रांग सावरून बसते. तिकिटाबरोबर जाहिरात मात्र धक्क्यांच्या संख्येची होते, आणि म्हणून हा संयम रचनाकाराला परवडतोच असे नाही. चित्रीकरण चालू असतानाच दिग्दर्शक आणि संकलक यांनी खुर्चीचा विचार केला, तर दृश्यखंड लांब ठेवावेत की आखूड, कॅमेरा कोठे ठेवावा, हेच वेगळे ठरेल. तसे होईपर्यंत आपला राग योग्यच आहे.

प्रश्न: मला जन्मापासून ऐकू येत नाही. अशा चित्रपटगृहात खुर्चीची थरथर मला फार आवडली, पण गाण्याच्या वेळी खुर्ची गप्प होती. असे का? (एक वाचक)

उत्तर: कारण या खुर्च्यांचा आराखडा मुख्यतः चित्रातील हालचालीवरून होतो, ध्वनीवरून नव्हे. गाण्यात कोणी आपटत-धडपडत नसेल तर रचनाकाराच्या लेखी तेथे करण्यासारखे काही नसते. ऐकू येणाऱ्या माणसांनी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेल्या मांडणीतील ही उणीव आहे, आणि तुमच्या पत्रापूर्वी ती माझ्याही लक्षात आली नव्हती, हे मी कबूल करतो.

तुम्हाला हवी आहे ती वेगळ्या जातीची यंत्रणा. तिच्यात आसनाखालचे कंपक चित्रपटाच्या ध्वनीतील खालच्या पट्ट्या सरळ घेऊन आसनाला कंप देतात, त्यामुळे ढोलाचा ठोका असो की मंद्र सप्तकातला सूर, तो अंगावर उमटतो. त्वचेतील कंप टिपणारी विशिष्ट केंद्रे सेकंदाला सुमारे अडीचशे कंपनांच्या आसपास सर्वांत तल्लख असतात आणि हजाराच्या पलीकडे जवळजवळ मंद पडतात. म्हणजे ताल आणि खर्ज यांचा बराचसा भाग त्वचेच्या आवाक्यात येतो; बोलण्यातील व्यंजनांचे बारकावे मात्र येत नाहीत, त्यांसाठी उपशीर्षकेच हवीत. लास व्हेगासमध्ये २०२३ मध्ये उघडलेल्या ‘स्फिअर’ या गोलाकार प्रेक्षागृहात कंप देणारी सुमारे दहा हजार आसने आहेत, आणि तेथे ती संगीताच्या कार्यक्रमांसाठीही वापरली जातात.

वर उल्लेख केलेल्या सोळा वाहिन्यांपैकी सातवी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आणि आठवी दृष्टिहीनांना दृश्याचे वर्णन ऐकवण्यासाठी असते. मात्र वाहिनी असली तरी तिच्यात काही भरणे आणि चित्रपटगृहाने ते पोहोचवणे, ही कामे माणसांनी करायची असतात. सातवी वाहिनीही अखेर कानासाठीच आहे. त्वचेसाठी गाण्याचा आराखडा करायचा तर तेराव्या वाहिनीत त्याला जागा आहे. तो कोणीतरी रचला पाहिजे.

प्रश्न: जाहिरातीत याला ‘प्रेक्षकाशी संवाद साधणारा सिनेमा’ म्हणतात. हा खरोखर संवाद आहे का? (चित्रपट अभ्यासक्रमाचा विद्यार्थी)

उत्तर: संवादाला दोन बाजू लागतात. येथे चित्रपट प्रेक्षकाला ढकलतो, भिजवतो, गुदगुल्या करतो. प्रेक्षकाने काहीही केले तरी चित्रपटाला त्याचा पत्ता लागत नाही. चार खुर्च्यांच्या जथ्यात एकच माणूस बसला असला, तरी उरलेल्या तीन रिकाम्या खुर्च्याही तितक्याच तन्मयतेने वळणे घेतात. तेव्हा याला स्पर्श म्हणावे, संवाद म्हणू नये.

संवादाचा एक प्रामाणिक प्रयत्न १९६७ मध्ये माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात झाला होता. चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात रादूझ चिन्चेरा यांनी ‘किनोऑटोमॅट’ उभारले. प्रत्येक खुर्चीला एक हिरवे आणि एक लाल बटण होते. कथा ठरावीक वळणावर थांबे, सूत्रधार रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना पेच सांगे आणि बहुमताने पुढचा मार्ग निवडला जाई. सूत्रधार हा त्याच चित्रपटातील नायक असल्यामुळे पडद्यावरचा माणूस समोर उभा राहून आपल्याला सल्ला विचारतो आहे, ही मौज काही औरच असावी. मात्र प्रेक्षकांनी काहीही निवडले तरी पुढच्या वळणापर्यंत दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येत, आणि कथेतील घराला आग ही शेवटी लागतच असे. निवडीचा आभास होता, हे खरेच. पण निदान प्रेक्षकाला कोणी विचारत तरी होते.

तुम्ही या विषयावर प्रबंध लिहिणार असल्याचे कळवले आहे. दोन्ही खुर्च्या शेजारी ठेवून पाहा, असे मी सुचवीन. १९६७ च्या खुर्चीला दोन बटणे होती आणि ती हलत नसे. आजची खुर्ची तीन दिशांना हलते आणि तिला बहुधा एकच बटण असते, तेही पाणी नको एवढे सांगण्यापुरते.